पहिला डीएसएलआर घेणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, कसा निवडावा यावर आपण अर्धं पान लेख दिलात. दिवाळी तोंडावर आली आहे. आमच्या भागातली चार तरी पोरं ते पान कापून घेऊन दुकानात जातील, म्हणून लगेच लिहायला बसले. त्या लेखातलं एक वाक्य चुकीचं आहे आणि एक सल्ला अर्धवट आहे. वाक्य असं, की लेन्सवर 'आयएस' किंवा 'व्हीआर' (फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा; कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर) लिहिलेलं असेल तर कमी उजेडातही फोटो हलत नाहीत. सल्ला असा, की नवशिक्यानं दोन लेन्सचा संच घ्यावा, म्हणजे सगळंच टिपता येतं. २०१९ मध्ये मी नेमक्या याच दोन गोष्टींवर विसंबून अडतीस हजार रुपये मोजले. ते कसे गेले ते सविस्तर सांगते.

मी कुडाळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा मामेभाऊ दशावतारात, आमच्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट करतो, तीसेक वर्षं झाली. तुळशीची लग्नं लागली की जत्रा सुरू होतात आणि तो पेटारा घेऊन घराबाहेर पडतो, तो पावसाच्या तोंडाशी परततो. एवढ्या वर्षांत घरात त्याचा वेषातला एकच फोटो होता. कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारून काढलेला. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा पांढराफटक, मागच्या पडद्यावर काळीभोर सावली. तो रंगायला बसतो तेव्हा स्वतःचा चेहरा स्वतःच आरशात बघून तासभर रंगवतो. त्या कामाचं एकही चांगलं चित्र आपल्या घरात नसावं, हे मला सलत होतं. कॅमेरा घ्यायचा तो एवढ्यासाठी. पक्षी, डोंगर, लग्न, काही नको होतं.

कोल्हापूरला एका मोठ्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझा मुद्दा त्यांच्यापुरता नाही. काऊंटरवरच्या मुलानं बजेट विचारलं. काय टिपायचंय हे मात्र त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. "मॅडम, डबल किट घ्या, पुढे काही घ्यायला लागणार नाही," असं म्हणून त्यानं कॅननचा १५००डी, त्याबरोबर १८-५५ची लेन्स, ५५-२५०ची लांब लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), बॅग, कार्ड आणि एक हलका ट्रायपॉड असं सगळं मांडलं. दुकानातल्या दिव्यांच्या लखलखाटात काढलेला फोटो अगदी झकास आला. मी पैसे दिले.

पुढची जत्रा माझ्या माहेरच्या गावची. दशावतार सुरू व्हायलाच मध्यरात्र होते. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग, मग आख्यान, आणि संपेपर्यंत उजाडतं. देवळाच्या सभामंडपात बायका एका बाजूला बसतात. माझी जागा नाटकातल्या बाकड्यापासून साधारण सहा मीटरवर होती. उजेड म्हणजे दोन हॅलोजन आणि मागे एक ट्यूब. मी शंभराच्या वर फोटो काढले. सकाळी मामेभावाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. त्यानं तोंडाचा रंग पुसता पुसता बघितले आणि विचारलं, "बाय, ह्येच्यात माजा तोंड खंय आसा?" विचारणं खरं होतं. शालू होता, हात होते, हातांच्या जागी पाच-पाच हात होते, पण तोंड एकाही फोटोत नव्हतं.

लेखातल्या वाक्याची चूक इथेच आहे. 'आयएस' लेन्सच्या आतला एक काचेचा गट हलवून आपल्या हाताचा कंप भरून काढतं. ते खरंच काम करतं. माझ्या त्या फोटोंत मागचा खांब, पडद्यावरची नक्षी, पायपेटीवाल्याची स्थिर बसलेली मान, सगळं रेखीव आलं होतं. फक्त जो नाचत होता तो पुसला गेला. समोरचा माणूस हलतो आहे त्याला 'आयएस' काय करणार? त्याला थांबवायला शटरच भराभर मिटावं लागतं. आणि शटर भराभर मिटायला आत उजेड भरपूर यावा लागतो.

उजेड किती येणार हे लेन्सच्या तोंडावर लिहिलेलं असतं आणि दुकानात ते कुणीच वाचून दाखवत नाही. माझ्या छोट्या लेन्सवर १८-५५, ३.५-५.६ असं होतं. म्हणजे १८ला ती ३.५ पर्यंत उघडते, आणि पुढे ओढून ५५ला नेली की ५.६ वर येऊन थांबते. आकडा मोठा तितकं भोक लहान, हे आधी मनात ठसवायला हवं, कारण ते उलटं वाटतं. सहा मीटरवरून मला ५५लाच जावं लागत होतं, कारण १८ला उभा माणूस चौकटीच्या एक तृतीयांश उंचीत कुठेतरी हरवतो. म्हणजे जिथे मला लेन्स वापरायची होती तिथेच ती सगळ्यात जास्त मिटलेली होती. त्या रात्रीच्या फोटोंची माहिती नंतर संगणकावर उघडून बघितली: आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६००, एफ (म्हणजे तोच भोकाचा आकडा) ५.६, शटर सेकंदाचा पंधरावा भाग. एवढ्या वेळात नाचणाऱ्याचा हात वीतभर सरकतो.

हे मला कळलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. तालुक्याच्या गावचे एक लग्नाचे फोटोग्राफर दरवर्षी येतात. त्यांना मी माझे जत्रेचे फोटो दाखवले. त्यांनी काही समजावत न बसता माझ्या कॅमेऱ्यावरची लेन्स काढली, स्वतःच्या बॅगेतून एक चिमुकली लेन्स काढून बसवली आणि म्हणाले, "बाई, ही घेऊन चार दिवस फिरा." ५० मिलिमीटर, एफ १.८. वजन १६० ग्रॅम, म्हणजे चहाच्या पाव किलोच्या पुड्याएवढंही नाही. झूम नाही. 'आयएस' नाही. मला आधी वाटलं, यात तर माझ्यापेक्षा कमीच आहे सगळं.

ती घेऊन मी पुढच्या जत्रेला त्याच जागी बसले. हिशोब असा आहे: ५.६ला १.८ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. साडेनऊच्या वर जातो. म्हणजे त्याच सभामंडपात, त्याच दोन हॅलोजनच्या उजेडात, या लेन्समधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. जिथे पंधरावा भाग लागत होता तिथे शटर दीडशेव्या भागाच्या आसपास आलं. मामेभाऊ तारामती होऊन पदर सावरत मागे वळला तो क्षण मला मिळाला. डोळ्यांतलं काजळ, कपाळावरची चिरी, ओठ उघडलेले, कारण तो तेव्हा बोलत होता. दशावतारात संवाद लिहून ठेवलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतील ते बोलतात. बोलता बोलता विचार करणारा चेहरा त्या फोटोत आहे. आता तो त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर आहे.

ती लेन्स मग मी स्वतःची घेतली, आठ हजारांच्या आत मिळाली. ५५-२५०ची लांब लेन्स मी एकदाही लावली नाही.

या छोट्या लेन्सच्याही मर्यादा आहेत, त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी, २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा असतो. त्यावर ५० लावली की सहा मीटरवर चौकटीत साधारण पावणेदोन मीटर उंची मावते. बायकांचा वेष मावतो, पण राजाचा मुकुट कापला जातो. तेव्हा कॅमेरा उभा धरायचा. आणि १.८ वर पूर्ण उघडली तर सहा मीटरवर जेमतेम मीटरभर खोलीतलं सगळं रेखीव येतं. राजा पुढे आणि नारद दोन पावलं मागे उभा असेल तर नारद धूसर होतो. घरात वाढदिवसाला, चार-पाच माणसं एका खोलीत बसवायला ५० फार लांब पडते. त्यासाठी निकॉनची ३५, एफ १.८ किंवा कॅननची २४, एफ २.८ बरी. म्हणून लेन्सचं नाव मी कुणाला सांगत नाही. कुठे बसणार, समोरचा किती लांब, उजेड कसला, तो हलतो की नाही, हे चार प्रश्न विचारते.

माझ्या नणंदेच्या मुलाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. त्याला पक्षी टिपायचे असतात. भातकापणी झाली की खंड्या आणि वेडे राघू विजेच्या तारेवर येऊन बसतात, सकाळी नऊचं लख्ख ऊन असतं. त्याला माझी ५० दिली तर फोटोत तार दिसते आणि तारेवर एक ठिपका. त्याला लांबचं लागतं. एवढ्या उन्हात एफ ५.६ पुरेसं आहे, शटर हजारावा भागसुद्धा देतं. दुकानदारानं मला दिलेली लांब लेन्स त्याच्या कामाची होती. माझ्या कपाटात पडून तिचं काय झालं ते पुढे येतंच.

दुकानात तपासायला एक सोपी पद्धत आहे. लखलखीत दिव्याखाली फोटो काढूच नये. मोडची चकती कॅननवर 'एव्ही'वर, निकॉनवर 'ए'वर ठेवावी. ऑटोवर ठेवली तर फ्लॅश आपोआप उघडतो आणि काही कळत नाही. लेन्स पूर्ण पुढे ओढावी, आयएसओ १६०० करावा, एफचा आकडा जाईल तितका खाली आणावा आणि काऊंटरच्या खालच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर कॅमेरा रोखून शटरचा आकडा वाचावा. मग ५०, एफ १.८ लावून तेच करावं. दुकानदारानं लावून दिली नाही तर दुसरं दुकान बघावं.

आणखी एक गोष्ट तिथेच तपासण्याची. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, बाजूला नखानं फिरेल असं एक छोटं चाक असतं. चष्मा असणाऱ्यांसाठी ते आहे. आत दिसणारे फोकसचे ठिपके स्वच्छ काळे दिसेपर्यंत ते फिरवायचं. मला वाचायला चष्मा लागतो. आठ महिने मी आतलं धूसर बघत होते आणि लेन्सलाच दोष देत होते. फोकस कॅमेरा करत होता, मला फक्त ते दिसत नव्हतं. पन्नाशीच्या आसपास पहिला कॅमेरा घेणारे पुष्कळ आहेत. आपल्या लेखात या चाकाचा उल्लेखही नाही. सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्यांपैकी काहींवर ते नसतंच, म्हणून विकत घेण्याआधी बोटानं चाचपून बघा.

मेगापिक्सेलवर लेखात मोठा तक्ता आहे, त्याबद्दल थोडक्यात. ए४ कागदावर चांगली छपाई करायला साधारण नऊ मेगापिक्सेल पुरतात. १८ आणि २४ मध्ये फार अंतर वाटतं, पण फोटोची लांबी ५१८४ ठिपक्यांवरून ६००० वर जाते, एवढंच. मामेभावाच्या घरचा फोटो मी ए३वर छापला आहे. १८ मेगापिक्सेलमधूनही तो तसाच आला असता.

आता आरशाचा प्रश्न. लेखाच्या शेवटी म्हटलं आहे की डीएसएलआरचे दिवस संपले, नवशिक्यांनी सरळ मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घ्यावा. कंपन्यांनी आपलं लक्ष तिकडे वळवलं आहे हे खरं. निकॉननं डी३५०० बनवणं थांबवलं आहे, कॅननचे नवे छोटे कॅमेरे, २०२३ चे आर५० आणि आर१००, दोन्ही बिनआरशाचे आहेत. त्यांचे गुण मी मानते. फोटो कसा येणार ते काढण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, आणि डोळा शोधून त्यावर फोकस धरतात. माझ्या कॅमेऱ्यात नऊच फोकसचे ठिपके आहेत आणि अंधारात मी फक्त मधल्या ठिपक्यावर विसंबते, कारण तोच भरवशाचा आहे. ज्याच्याकडे साठ-सत्तर हजार आहेत आणि त्यात एक चांगली लेन्सही बसते, त्यानं मिररलेसच घ्यावा.

पण माझ्यापुढे येतात त्या पोरांकडे वीस हजार असतात. काहींकडे पंधराच. या पोरांनी पैसे साठेपर्यंत तीन वर्षं थांबावं का? त्या कॅमेऱ्यांबरोबर येणारी १८-४५ची लेन्स ४.५ ते ६.३ची आहे, म्हणजे रात्रीच्या जत्रेत माझ्या जुन्या किट लेन्सपेक्षाही मिटलेली. नवा कॅमेरा आणि ती एकच लेन्स घेऊन गेलेलं पोर माझ्यासारखंच पाच-पाच हातांचे फोटो घेऊन परत येईल. उलट, सगळे मिररलेसकडे चालले आहेत म्हणूनच जुने डीएसएलआर आज स्वस्तात मिळताहेत. नवशिक्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीबरोबर असाच एक कॅमेरा बघायला मी कणकवलीला गेले. ती आता कॉलेजात आहे, तिला पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथ्या आणि त्या मांडणाऱ्यांचे हात टिपायचे होते. अठरा मेगापिक्सेलची जुनी कॅनन बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, साडेअकरा हजारांना आणि वापरलेली ५०, एफ १.८ पाच हजारांना मिळाली. साडेसोळा हजारांत ती जे काढते आहे ते माझ्या पहिल्या अडतीस हजारांतून निघालं नव्हतं.

जुना घ्यायचा तर बघायचं काय, हे लेखात यायला हवं होतं. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर क्लिकच्या हिशोबानं बनवलेलं असतं. लग्नसराई संपली की बाजारात येणाऱ्या बॉड्या बहुधा लग्नाच्या फोटोग्राफरच्या असतात आणि एका हंगामात त्यांचे कितीतरी हजार क्लिक झालेले असतात. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेला असतो, संगणकावर वाचता येतो. कॅननच्या साध्या बॉड्यांत बहुतेक तो फाईलमध्ये येत नाही, म्हणून हाताची पकड बघावी: रबर पांढरं पडलंय का, सुटलंय का, शटरच्या बटणाचा रंग उडालाय का. आपलं स्वतःचं कार्ड बरोबर न्यावं. एफ १६ वर ठेवून स्वच्छ आभाळाचा एक फोटो काढावा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किंमत कमी करून मागता येते. भिंतीवरच्या फरशांचा फोटो काढून चारही कोपरे सारखे स्वच्छ आहेत का बघावं, एक कोपरा विरघळल्यासारखा दिसला तर ती लेन्स कधीतरी पडली आहे. मूळ बिलावरचा नंबर आणि बॉडीच्या तळाशी असलेला नंबर जुळला पाहिजे. बिल नाही म्हणाला तर मी उठते.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण शेजारच्या वाडीतला एक मुलगा यात फसला. निकॉनच्या डीएसएलआरची लेन्स बसवायची खाच १९५९ पासूनची आहे, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते. बसते, पण आपोआप फोकस होईलच असं नाही. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉड्यांत फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स चालते. 'एएफ-पी' मात्र या मालिकांतल्या जुन्या बॉड्यांवर चालत नाही. नुसती 'एएफ' आणि आकड्यानंतर 'डी' असेल तर हातानं फिरवत बसावं लागतं. त्या मुलाला विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही, त्यानं तीन हजार रुपये दिले आणि मग रडकुंडीला आला. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्समध्येच आहे, तिथे ही अडचण येत नाही. पुढे कधी मिररलेस घेतला तरी त्या ईएफ लेन्स कंपनीचाच एक जोड लावून चालतात, म्हणजे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही. बॉडीवर घातलेला जातो.

आता त्या लांब लेन्सबद्दल. २०२०च्या मार्चनंतर जत्रा झाल्या नाहीत, मामेभाऊ घरी बसून होता, कॅमेरा घेऊन कुणी बाहेर पडलं नाही. दुकानातून मिळालेल्या रेक्झिनच्या बॅगेत तो लाकडी कपाटात चार महिने होता. कोकणातला पावसाळा म्हणजे जोड्यांवर, पट्ट्यांवर, पोळपाटावरसुद्धा बुरशी. ऑक्टोबरमध्ये ५५-२५० बाहेर काढली तर तिच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. ५०वर नव्हते, कारण ती मी अधूनमधून उजेडात काढत होते. बुरशी काचेवरच्या लेपात रुजली की पुसून जात नाही, लेन्स उघडून साफ करावी लागते, आणि वेळ गेला असेल तर काचेवर डाग कायमचा राहतो. नणंदेच्या मुलाला जी लेन्स वर्षानुवर्षं चालली असती ती अशी गेली. वापरायची नाही ती वस्तू 'फुकट मिळते आहे' म्हणून घरात आणली त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोकणात कॅमेरा घेणाऱ्याचं बजेट म्हणूनच लेन्सवर संपता कामा नये, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल त्यात धरायलाच हवं. दोन-तीनशे रुपयांत होतं. सोबत दमटपणा मोजणारं छोटं घड्याळ मिळतं, आत चाळीस ते पन्नास टक्के राहिलं पाहिजे. निळी सिलिका गुलाबी झाली की तिनं पाणी धरलंय असं समजायचं. ती मंद आचेवर जुन्या तव्यात परतली की पुन्हा निळी होते, पण तो तवा मग स्वयंपाकाला वापरायचा नाही. डब्यात तांदूळ ठेवू नका, त्यांची पूड लेन्सच्या सांध्यांत जाते. आणि जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारून पुढून तिरकं बघा, तंतू तिथे दिसतात.

एक शेवटचं, रंगमंचावरचे फोटो काढणाऱ्यांसाठी, कारण हे समजायला मला दोन हंगाम लागले. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं करड्या रंगाचं धरून चालतो. संकासुर येतो तो नखशिखांत काळ्या वेषात, मागे काळोख. मीटरला वाटतं उजेड फारच कमी आहे, म्हणून तो फोटो उजळवतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या भटजीचा रंगवलेला चेहरा नुसता पांढरा डाग होऊन बसतो. अधिक-उणे लिहिलेलं बटण दाबून एक घर उणे करायचं. फोटो 'रॉ'मध्ये (कॅमेऱ्यानं हात न लावलेल्या कच्च्या फाईलमध्ये) ठेवायचे, म्हणजे हॅलोजनचा पिवळा आणि ट्यूबचा हिरवट उजेड नंतर घरी सावकाश निस्तरता येतो. फ्लॅश मात्र कधीच नाही. समोरचा माणूस मनातल्या मनात पुढचं वाक्य जुळवत असतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर लख्खकन झोत मारणं मला पाप वाटतं. आरशाचा 'खटॅक' आवाजसुद्धा शांत प्रसंगात मागच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून तारामतीच्या विलापात मी कॅमेरा मांडीवर ठेवते आणि पायपेटी वाजायला लागली की उचलते.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. येत्या रविवारच्या पुरवणीत दोन गोष्टींची दुरुस्ती छापावी. 'आयएस' आणि 'व्हीआर' हाताचा कंप थांबवतात, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाहीत, हे एक. आणि जिथे मेगापिक्सेलचा तक्ता दिला होता तिथे तेवढ्याच जागेत प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स पूर्ण पुढे ओढल्यावर एफच्या कितव्या आकड्यावर थांबते तो रकाना द्यावा, हे दुसरं. येत्या रविवारीच छापावी, कारण त्यानंतरचा रविवार धनत्रयोदशीनंतर येतो आणि तोवर पैसे दिलेले असतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग